बाबा सिरियस हाय

फोनवर कुणी 'सिरियस' म्हटलं, की मी आधी विचारतो, "श्वास चालू आहे ना?" हसताय काय, ऐका. आमच्या चिरनेरला माणूस गेला तरी फोनवर 'गेला' म्हणत नाहीत. येणाऱ्याने गाडी नीट चालवावी, म्हणून 'सिरियस हाय' एवढंच सांगतात.

धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, बाबा सिरियस हाय, लवकर ये."

मी काय ते समजलो. रडून घेतलं, नातेवाइकांना कळवलं, पनवेलच्या बाजारात थांबून मोठा हार घेतला.

पोचलो तेव्हा बाबा नुकतेच गेले होते. भाऊ त्या हाराकडे बघतच राहिला.

"तासभर तुलाच इचारत होता," तो म्हणाला. "मी सांगत होतो, दादा सुसाट येतोय."