शेवटचा निर्णय माणसाचा

...आणि वर मलाच विचारतात, तुम्ही मंजूर का केलंत? अहो, मंजूर नाही करणार तर काय करणार, दुसरं बटणच... आहे, लाल आहे, त्याचंही सांगतो! तुम्हाला सांगतो, मी ओजाकोल, इकडे आफ्रिकेत तेसो भागातला साधा माणूस, फोन चार्ज करून द्यायचं दुकान माझं. तेवढ्यावर पाणी प्रकल्पाच्या अकिरोर मॅडमनी सोरोटी शहरातल्या सभेत मला उभं केलं. कुठला हातपंप आधी दुरुस्त करायचा हे म्हणे आता कॉम्प्युटरची बुद्धी सुचवणार, "पण शाश्वत विकासात शेवटचा निर्णय माणसाचा, आणि हाच तो माणूस." टाळ्या! मीसुद्धा वाजवल्या.

फोन दिला हातात. हिरवं बटण मंजूर, लाल नामंजूर. आणि पहिल्याच दिवशी काय? माझ्या सासुरवाडीचा मोडका पंप सगळ्यात शेवटी! का, तर "या पंपावर कोणी येत नाही, गरज कमी." अरे, मोडलाय म्हणून येत नाही! बायका दलदलीतलं गढूळ पाणी आणतात, पोरं हगवणीनं आडवी पडतात... पण कॉम्प्युटरला खबर द्यायला पंपाच्या दांड्याला जी डबी लावलीय, तिला दांडा हलला की नाही एवढंच कळतं. मी लाल दाबलं, कारण लिहिलं. उत्तर आलं, "हरकत घेणारा त्या गावचा जावई. पक्षपात. हरकत रद्द." मॅडमना फोन केला, तर त्या शांतपणे, "ओजाकोल, शेवटचा निर्णय माणसाचाच." म्हणजे माझा? "हो. हिरवं दाबा."

दाबलं. काय करणार! संध्याकाळी बाजरीच्या दारूच्या मडक्याभोवती बसलो तर एकजण माझ्याकडे प्यायची लांब नळी सरकवेल तर शपथ.

मग आल्या सासूबाई. आमच्यात सासू-जावयानं समोरासमोर बोलायचं नाही, म्हणून त्या पाठ करून बसल्या आणि माझ्या शेळीला म्हणाल्या, "ऐकलंस का गं, आमच्या जावयाला मोठं पद मिळालंय. नातवंडं चिखल पितात, पण पद मोठं आहे." लाज वाटली हो मला. मी शेळीलाच म्हटलं, सांग त्यांना, दांडा हलल्याशिवाय गरज दिसत नाही...

झालं! दुसऱ्या दिवसापासून सासूबाई पुढे, अख्ख्या गावच्या बाया मागे, कोरडा दांडा खाली-वर, खाली-वर, पाळ्या लावून, गाणी म्हणत! पाण्याचा थेंब नाही, पण दांडा म्हणाल तर क्षणभर थांबेना. आठवड्यानं निकाल आला, "हा पंप उत्तम चालतो. दुरुस्तीची गरज नाही." खाली हिरवं बटण. मी लाल दाबलं. पक्षपात, जावई, रद्द!

काल सासूबाई पुन्हा आल्या. शेळीपुढे पाण्याचा रिकामा पिवळा कॅन ठेवला. "विचार गं त्यांना, शेवटचा निर्णय माणसाचा ना? मग आता दलदलीवर कोण जाणार, ते ठरवा म्हणावं."

उचलला मी कॅन. कॉम्प्युटरकडे निदान दाखवायला तरी लाल बटण आहे... सासूबाईंकडे तेही नाही.