सूचना. चित्र.

(दवाखाना. अतिदक्षता विभागाच्या बंद दारासमोरचा बाक. दुपार.)

मामा : दहाला वीज गेली. साडेअकराला सिलिंडर संपला. हेच डॉक्टरांना सांगितलं, हेच तुला सांगतो.

भाची : मधल्या दीड तासात अँब्युलन्स का नाही बोलावलीस, मामा?

मामा : येईल म्हणून. तार तुटली असेल, फ्यूज उडाला असेल, तासाभरात येतेच. जास्त वेळ बंद ठेवणार असते तर वीज कंपनीच्या साइटवर सूचना आली असती ना. ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं, तुझ्या मामीला सिलिंडर लावला आणि म्हटलं, पडून राहा. ती म्हणत होती, वायरमनला विचारा. मी म्हटलं, सकाळीच ऐकलीय साइट. काही नाहीये.

भाची : सूचना होती.

मामा : काय म्हणालीस?

भाची : कालपासून होती. इथे येताना बघितली मी. दहा ते तीन, तुमचा सगळा भाग. पहिल्याच पानावर, सगळ्यात वर.

मामा : मग आता बहिराही झालो म्हणायचं. नुसत्या आंधळेपणाला सोबत नव्हती.

भाची : असं नको ना बोलूस. सकाळी काय ऐकलंस ते मला ऐकव.

मामा : फोनला हात नको लावू. तू स्क्रीन बघशील. मीच लावतो, सकाळी लावलं तसं.

फोन : वीज बंद राहण्याच्या सूचना. शीर्षक. सूचना. चित्र. सूचना. चित्र. तक्रार नोंदवा. बटण.

मामा : हे बघ. सूचना म्हणतो, चित्र म्हणतो आणि पुढे मुका. मला वाटलं, नुसती पाटी लावलीय, खाली काही नाही. टेलिफोन एक्स्चेंजात जन्म गेला माझा. लाइनवर आवाज नाही म्हणजे पलीकडे कोणी नाही.

भाची : पलीकडे होतं. कागदाचा फोटो होता.

मामा : कसला कागद?

भाची : ऑफिसातले लोक सूचना टाइप करतात, कागदाचा फोटो काढतात आणि साइटवर चढवतात. फोटोसोबत एक रिकामी चौकट असते. फोटोत काय आहे ते तिच्यात लिहायचं असतं. तुझा फोन तेवढंच वाचतो, फोटो नाही वाचत.

मामा : आणि त्या शहाण्यांनी लिहिलं 'सूचना'. दुसरा शब्द लिहायला बोटं दुखत होती.

भाची : त्यांनी नाही लिहिलं. मी.

मामा : तू?

भाची : ते चौकट रिकामीच सोडायचे. रिकामी राहिली की तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल खूण उमटते. पानभर लाल खुणा. साहेब रोज विचारायचे, कधी जाणार म्हणून. मग मी सोय करून ठेवली. चौकट रिकामी असेल तिथे आपोआप 'सूचना' भरलं जाईल. सगळ्या खुणा हिरव्या झाल्या. शंभरपैकी शंभर.

मामा : त्याच संध्याकाळी तू घरी आली होतीस. नाचत. म्हणालीस, मामा, आता वायरमनच्या विनवण्या करायला नकोत, आमची साइट तुझ्याशी बोलेल.

भाची : हो.

मामा : रोज फोन करायचो त्याला. 'उद्या काही आहे का रे?' वैतागायचा, पण सांगायचा. तू म्हणालीस आणि मी सोडून दिलं. खरं सांगू? बरं वाटलं होतं. कोणाचे उपकार नकोत.

भाची : अंधांना वापरता येईल अशी साइट कशी करायची, त्या कोर्सच्या पहिल्याच धड्यात होतं, स्क्रीन झाका आणि पान कानांनी तपासा. मी तपासलं होतं, मामा. नमुन्याचा फोटो चढवला, त्याचं वर्णन स्वतः लिहिलं, मस्त ऐकू आलं. त्यांनी चढवलेलं एकही ऐकलं नाही मी. हिरवं दिसलं आणि उठले.

मामा : आता फोन कोणाचा वाजला? माझा नाही.

भाची : साहेबांचा मेसेज. येतानाच कळवलं होतं त्यांना. 'चौकशी होईल. साइटला हात लावू नकोस.'

मामा : लावणार होतीस?

भाची : खालची दुसरी सूचना उद्याची आहे. नदीपलीकडच्या भागाची. तीही तुझ्या फोनवर 'सूचना, चित्र' एवढीच. मला इथून बदलता येते. पण बदललं तर म्हणतील, पुरावा पुसला. नोकरी तर जाईलच, वर आणखी काय काय.

मामा : पलीकडे कोणाच्या घरी असं मशीन आहे?

भाची : माहीत नाही. असेलच कोणीतरी.

मामा : उद्याचं लिही.

भाची : आणि आजचं?

मामा : आजचं आहे तसंच राहू दे. तुझ्या साहेबांना ऐकू दे ते. स्क्रीन झाकून.

भाची : मामा, तू मला काही बोलत का नाहीस?

मामा : बोलेन. ती बाहेर आली की चांगला बोलेन. नाही आली तर काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही. लिही आधी.

भाची : लिहिते.

मामा : झालं?

भाची : झालं. आता लाव पुन्हा.

फोन : वीज बंद राहण्याच्या सूचना. शीर्षक. सूचना. चित्र. उद्या सकाळी नऊ ते दुपारी दोन नदीपलीकडच्या भागात वीज बंद राहील. घरी ऑक्सिजन मशीन असल्यास आजच सोय करा. चित्र.

मामा : मशीनचं कागदावर आहे?

भाची : नाही. ते मी घातलं.

मामा : हं. थांब, आत कोणीतरी धावलं. काय झालं?

भाची : काही नाही, मामा. तू बस.

मामा : काही नाही, हे मी सकाळीही ऐकलंय. दाराला काच असेल ना? उठ. दिसेल ते सांग. गाळू नकोस.

भाची : दोन नर्स आहेत. एक खाटेवर वाकलीय. डॉक्टर आत्ता आले, हातमोजे घालतायत. मामीचे पाय दिसतायत, चादरीबाहेर.

मामा : हलतायत?

भाची : नाही.

मामा : चेहरा?

भाची : डॉक्टर मधे उभे आहेत.

मामा : आणि उशाशी ते आकड्यांचं यंत्र असतं, ते काय दाखवतंय?

भाची : त्याची पाठ आपल्याकडे आहे.