माहेर निघालं इटलीला

मूलच्या स्टँडवर चांद्याची बस लागली. सईदा खिडकीशी बसली आणि मागच्या सीटवरच्या नणंद-भावजयींचं बोलणं तिच्या कानावर आलं.

"बायना, तू नागपूरच्या पुढं गेली नाईस, अन् इटलीले चालली?"

"रोशनीचे दिवस भरत आले, बाई. पयलं बाळंतपण हाये."

"मंग तिले इकडं काऊन नाई बोलवत?"

"डाक्टरनं विमानात बसू नको म्हणलं तिले."

"कसं हाये थे गाव?"

"समुद्राजवळचं, लय जुनं. आपल्या चांद्यासारखा परकोट हाये म्हणते. गाडी वेशीबाहेरच थांबते, मंग घरापर्यंत दगडाच्या पायऱ्याच पायऱ्या."

"अन् तुह्ये गुडघे?"

"म्हणून त रोज सकाळी टेकडी चढून राह्यली."

"तिथली भाषा येते तुले?"

"बाळंतिणीले शेकाले भाषा कायले पाह्यजे?"

"लोकं हासतीन. माय कधी लेकीच्या घरी जाऊन पयलं बाळंतपण करते?"

"हासू द्या. लेकीले माहेरी येता येत नाई, त माहेरच निंगालं तिच्याकडं."

बस सुटली. सईदा बाहेरच्या धानाकडे पाहत राहिली. कान मात्र मागेच होते.

"बायना."

"काय, बाई?"

"लाडवाले जवस माह्या धानाच्या बांधीतला ने. तिथला कसा असन, काय सांगावं!"