वीतभर गवंडीकाम

सुवारती : ...आणि मी सांगतेय ना, भिंत कललीय!

मुकादम : तू वाळूची पाटी खाली ठेव, सुवारती. भिंतीचं रेना गवंडी बघेल.

सुवारती : गवंडी माझाच नवरा आहे, मुकादमदादा. ते बघत नाहीत, म्हणून तर मी बघते.

रेना : सकाळपासून हेच टुमणं हिचं! अगं, देवळाची भिंत आहे, तुझी चूल नाही.

सुवारती : चूल असती तर बोललेच नसते. परवा प्रतिष्ठा. पुजारी मंत्र म्हणायला उभे राहायचे आणि भिंत नमस्काराला वाकायची!

मुकादम : शुभ बोल गं बाई! रेना, ओळंबा लावला होतास ना?

रेना : लावला होता की.

मुकादम : कधी?

रेना : पाया भरला तेव्हा.

मुकादम : म्हणजे गेल्या आठवड्यात! बाजूला हो, मीच सोडतो. ...अरे देवा. दोन बोटं बाहेर!

रेना : वारा आहे, दादा. दोरी हलतेय.

सुवारती : अख्ख्या बाली बेटावरचा वारा नेमका यांच्याच दोरीला लागतो.

मुकादम : वरचे पाच थर उतरवायला हवेत. रेनाच्या हाती पुन्हा देत नाही, आणि दुसरा गवंडी पळाला हॉटेलाच्या कामावर. आता माणूस कुठून आणू?

सुवारती : मी आहे की.

मुकादम : तू? बाईच्या हातात थापी कधी पाहिलीयस?

सुवारती : बाईच्या डोक्यावर सिमेंट पाहिलंत ना? अकरा वर्षं झाली, वीट भट्टीवरून इथवर माझ्या डोक्यावर बसून येते. शेवटचं वीतभर अंतर तेवढं ती पुरुषाच्या हातून जाते. त्या वीतभराला तुम्ही गवंडीकाम म्हणता!

रेना : बघा, बघा! घरीही अशीच बोलते.

मुकादम : बोलते खरी. पण तू शिकलीस कुठं?

सुवारती : पाटी डोक्यावर असते, दादा, डोळ्यांवर नाही. आणि दर सणाला देवासाठी फळांचा पाच थरांचा मनोरा रचतं कोण? डोक्यावर घेऊन पायऱ्या चढतं कोण? तो दोन बोटं कलला, तर संत्री घरंगळत परत बाजारात जातील.

मुकादम : बरं बाई. आजच्या दिवस धर थापी.

सुवारती : आजच्या दिवस नाही. भिंत सरळ झाली, तर उद्यापासून थापी माझी आणि मजुरी गवंड्याची. वाकडी झाली, तर जन्मभर पाटी.

मुकादम : ...कबूल. पण वाळू कोण वाहणार?

सुवारती : मोकळं कोण झालंय आता?

रेना : मी डोक्यावरून नेणार नाही हं! पुरुषाचं डोकं आहे हे!

सुवारती : खांद्यावरून न्या. डोक्याला कशाला उगाच त्रास!

(ऊन उतरतं. पाच थर उतरवून पुन्हा चढलेले असतात.)

मुकादम : थांबा, ओळंबा सोडतो. ...केसाचाही फरक नाही.

सुवारती : पुन्हा बघा, दादा. नीट बघा.

मुकादम : तीनदा बघितलं, पोरी. उद्या थापी घेऊनच ये. पण परवा सगळं गाव जमेल. भिंत कुणी बांधली विचारलं, तर काय सांगू रे, रेना?

रेना : तिचंच नाव सांगा, दादा. इतकी सरळ आहे, माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही.