दादांच्या नावावरची स्कूटर

नाही अध्यक्षमहाराज, घंटी वाजवू नका, मी आत्ताच उभा राहिलोय... आणि इथं उभं राहायला मला अर्धा तास लागलाय, कारण दारात तुमची ती मुलगी बसलीय, ती म्हणते, "काका, नाव सांगा, मोबाइल नंबर सांगा, ओटीपी येईल तो सांगा, मग आत जा." अहो, परिसंवाद कशावर आहे? 'सरकारी पाळत आणि व्यक्तिस्वातंत्र्य'! म्हणजे पाळतीविरुद्ध ऐकायला यायचं तर आधी दारात पाळत लावून घ्यायची? मी म्हटलं, नंबर कशाला? म्हणाली, "रेकॉर्डसाठी." नाही दिला तर? तर माझ्याकडे बघून, अगदी गोड हसून, तेच वाक्य... तेच, ज्या वाक्यानं माझं घरात डोकं उठलंय... "काका, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?"

तुम्हाला सांगतो, हे वाक्य मूळचं आमच्या दादांचं आहे. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, गोपाळकृष्ण. वय वर्षं एक्याऐंशी, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण घरातून अजून झालेले नाहीत. आम्ही सगळे एकत्रच राहतो. आमच्या चौकात पहिला कॅमेरा लागला तेव्हा मी म्हटलं, दादा, हा माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अनंता, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" बोटांचे ठसे द्यायचे आले, तेच वाक्य. मी म्हटलं, सरकार लोकांचे फोन ऐकतं म्हणे. तर म्हणाले, "तुझा ऐकून बिचाऱ्यांना काय मिळणार? मेथीचा भाव?" आणि त्यांचे चिरंजीव सुदर्शन, खराडीला संगणकाच्या कंपनीत आहेत, ते म्हणणार, "काका, चिल. प्रायव्हसी ऑलरेडी संपलीय." अरे, संपलीय म्हणजे? गॅस आहे का संपायला?

आता इथं आमच्या घरचं कुणी नाही म्हणून सांगतो. माझ्याकडे लपवण्यासारखं होतं. एकच गोष्ट होती, दर गुरुवारची... हसताय काय? वय बघा माझं. हेमाकडे जायचो मी. हेमा आमची धाकटी बहीण, विश्रांतवाडीला असते. आई शेवटी आजारी होती ना, तेव्हा हेमा दादांना न विचारता तिला स्वतःकडे घेऊन गेली. चांगलं केलं तिनं, आईसाठीच केलं. पण आई तिथंच गेली. दादा म्हणाले, "आई माझ्या घरून जायला हवी होती. हेमाचं तोंड मी पुन्हा बघणार नाही, आणि तिच्या दारात जो जाईल तो मला मेला." झालं. नऊ वर्षं! अहो, तिला सायकल शिकवली ती दादांनी, सीट धरून मागे पळत. पण मुख्याध्यापकांचा शब्द, फळ्यावर लिहिला की पुसायचा कुणी?

मग मी काय करायचो, "मंडईत जातो" म्हणायचो, पिशवी घ्यायचो, स्कूटर काढायचो आणि थेट विश्रांतवाडी. हेमाच्या हातचा चहा, दोन तास गप्पा, येताना तिथल्याच हातगाडीवरून भाजी. आता मला सांगा, हा गुन्हा आहे? कुणाचं काही चोरलं? एका माणसाला आपल्या बहिणीकडे जायला एक खोटं बोलावं लागतं, तेवढं एक खोटं तरी माणसाचं स्वतःचं असू द्याल की नाही?

नाही. कारण हेमाच्या घराजवळच्या सिग्नलला कॅमेरा होता.

एका गुरुवारी झालं असं, मी हेमाकडून परत निघालो, सिग्नल लाल, थांबलो. थोडा रेषेच्या पुढे थांबलो असेन, पुण्यात रेषेच्या मागे कोण थांबतं? डोक्यावर हेल्मेट नाही. का असेल? हेल्मेटसक्तीविरोधी मोर्चात पहिल्या रांगेत होतो मी! तेव्हा ओरडून सांगत होतो, डोकं आमचं, फुटलं तर आमचं फुटेल... घातलं असतं तर निदान तोंड झाकलं गेलं असतं, हे मला फार उशिरा सुचलं. तेवढ्यात हेमा धावत आली, मी डबा विसरलो होतो तिच्याकडे. तो तिनं माझ्या हातात दिला, आणि त्याच क्षणी वरून सरकारनं फोटो काढला.

फोटो यावा कुणाला? दादांना. कारण स्कूटर दादांच्या नावावर, तिथं दिलेला मोबाइल नंबरही दादांचा. शनिवारी सकाळी दादांनी हाक मारली, "अनंता, जरा बाहेर ये." बाहेर येतो तो काय, सुदर्शननं ते ई-चलान फोनवरून भिंतीवरच्या टीव्हीवर लावलेलं. वार गुरुवार, वेळ चार वाजून दहा मिनिटं, ठिकाण विश्रांतवाडी, आणि मध्ये माझं टक्कल, स्पष्ट. दादांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मंडई तिकडे हलवली का?"

मला राग असा आला... म्हटलं, दादा, हेच, हेच मी सांगत होतो! सरकारनं माझ्या आयुष्यात डोकवायचं कारण काय? चलान रेषेचं पाठवा म्हणावं, दंड भरतो. पण मी कुणाकडे जातो, कुणाकडून डबा घेतो, हे माझ्या घरी कळवायला सरकार कोण? आणि आता काढा मला घराबाहेर, मेलोच की मी तुम्हाला.

दादांचं लक्षच नव्हतं. ते टीव्हीकडे बघत होते. सुदर्शनला म्हणाले, "मोठं होतं का हे?" तो म्हणाला, "हो, झूम होतं." त्यानं माझं टक्कल मोठं केलं. दादा म्हणाले, "हा नको. बाजूचं." मग भिंतभर हेमा. दादा उठले, अगदी जवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "बारीक झालीय." आणि थोड्या वेळानं, "केसही रंगवत नाही हल्ली."

मी म्हटलं, दादा, चला ना माझ्याबरोबर. तर म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. तोंड बघणार नाही म्हणालोय." मी म्हटलं, मग हे काय चाललंय? तर हेडमास्तर म्हणतात कसे, "हा सरकारी कागद आहे. माझ्या नावावर आलाय, तो बघणं भाग आहे." आणि पेपर उघडून, त्याच्या आडून, "पुढच्या गुरुवारी जाशील तेव्हा तिथंच थांब. हेल्मेट घालू नकोस. आणि तिला जरा तुझ्या पुढे उभी कर, तुझा खांदा मध्ये येतोय."

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, मी, हेल्मेटविरोधी, पाळतविरोधी माणूस, दर गुरुवारी चार दहाला त्या सिग्नलला मुद्दाम रेष ओलांडतो आणि कॅमेऱ्याकडे तोंड करतो. हेमा ठेवणीतली साडी नेसून येते. हवालदाराला वाटतं या म्हाताऱ्याला कमी दिसतं. दादा शनिवारी सकाळी आंघोळ करून फोन घेऊन बसतात, आणि मेसेज यायला उशीर झाला तर सरकारला शिव्या घालतात.

हो हो, अध्यक्षमहाराज, संपलं. 'शहरातले सगळे कॅमेरे काढून टाका' हे तुमचं निवेदन माझ्यापर्यंत आलंय. सही करणार, तत्त्वाचा प्रश्न आहे, करायलाच हवी. फक्त सहीखाली कंसात मी लिहिलंय तेवढं खोडू नका... 'विश्रांतवाडीचा सोडून.'