कॉलरच्या आतले तीन टाके

मी शिवणवाली आजी, वय सत्तरला दोन कमी, शिक्षण दुसरी, राहणार पाण्याच्या टाकीमागे, जिन्याखालची खोली. विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे की, मी वरील ठिकाणी एकुलत्या नातवासोबत राहते. तो गॅरेजात कामाला आहे. पूर्वी त्याला देवाधर्माचं वावडं होतं. सहा महिन्यांपासून रोज प्रार्थनेला जाऊ लागला, सिगारेट सोडली, माझ्याशी नीट बोलू लागला. मला फार आनंद झाला. शेजारणीला म्हटलंसुद्धा, "देवाने ऐकलं गं माझं."

समोर घड्याळवाल्याचं दुकान. त्याचा देव वेगळा. माझ्या मशीनचा पट्टा तुटला की तोच बसवायचा. चहा मात्र घ्यायचा नाही. म्हणायचा, "आजी, तुमच्या चहाने घड्याळं मागे पडतात." हे कामाचं नाही, पण लिहा.

काल दुपारी चारच्या सुमारास तोंडं बांधलेला जमाव आला. घोषणा आमच्याच देवाच्या होत्या. मी दार लावून घेतलं. समोरून "आजी" अशी हाक दोनदा आली. तिसऱ्यांदा आली नाही.

संध्याकाळी नातू बनियनवर घरी आला. शर्टाचं विचारलं तर म्हणाला, "ग्रीस लागलं, फेकला." हातपाय धुऊन प्रार्थनेला बसला. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. मी मधे हटकलं नाही.

आज सकाळी चौकीत हवालदारांनी फाटकी निळी कॉलर दाखवून विचारलं, "ही शिवण कुणाची, सांगता येईल?" धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून घरच्या कपड्यांना मी कॉलरच्या आत तीन उलटे टाके घालते. गिऱ्हाइकाला घालत नाही. मी हरखून म्हटलं, "अहो, माझ्याच हातची. नातवाचा शर्ट तो. कुठे सापडला?"

हवालदार म्हणाले, "घड्याळवाल्याच्या मुठीत. गेल्यावरसुद्धा मूठ सुटत नव्हती."

मग मी म्हटलं, असे टाके कुणीही घालतं. ते मी खोटं बोलले. माझं आधीचं बोलणं खोडा म्हणून मी पाया पडले. "आनंदात बोलले हो मी." हवालदारांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "तुम्हीच खोडा, आजी. घड्याळवाल्याची बायको बाहेर बाकावर बसलीय. तिला काय सांगायचं तेही तुम्हीच सांगा."

मी खोडलं नाही.

जबाब मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा माझ्याने ऐकवला नाही. दुसऱ्यांदा पूर्ण ऐकला. सांगितला तसाच आहे. चुकीचा असता तर बरं झालं असतं. सही येते, पण ते पेन हातात घेववत नाही, म्हणून अंगठा.