मध्ये कोण पडणार?

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या आधारगृहातल्या सहकारी भगिनी आणि अगत्यानं आलेल्या स्नेहीजनहो,

आमच्या समुपदेशक ताई आज निवृत्त होत आहेत. त्यांनी मला बजावलंय, "माझं कौतुक नको, आणि चहा निवायच्या आत खाली बस." तेव्हा एकच आठवण सांगते.

माझ्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. पुढे घरीदारी ऐकलं, नवराबायकोच्या भांडणात मध्ये पडू नये. आपण सगळे शहाणे, कधी पडलो नाही. मग मध्ये पडतं कोण?

सात वर्षांची एक मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली, ती हात मोडूनच. बापानं आईवर उगारलेली काठी तिनं अडवली होती. प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी घ्यायची, म्हणून आम्ही तिला वकीलबाई म्हणायचो. थोड्या दिवसांनी बाप आला, रडला, पाया पडला. ताईंनी परोपरीनं समजावलं, पण आई परत जायला निघाली. तेव्हा ताई वकीलबाईला घेऊन बसल्या.

"बाबांचा आवाज चढला की मध्ये जायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे धावायचं."

"मग मध्ये कोण पडणार?"

"ते मोठ्यांचं काम."

"कुठल्या मोठ्यांचं?"

ताई उठल्या आणि थेट शिंपीणकाकूंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"आम्ही कशाला मध्ये पडू, बाई? रोज एकमेकांचं तोंड बघायचंय."

"पडू नका. ती आली तर दार उघडा आणि पोलिसांना फोन करा. एवढं कराल?"

एका रात्री मुलगी खाली धावली, काकूंनी दार उघडलं. फोनही केला. मुलगी वाचली. पोलीस वर पोचले तेव्हा आईचा जीव गेलेला होता.

वकीलबाई आता आमच्याच वसतिगृहात असते, आठवीत आहे. दर शनिवारी ताईंसमोर बसते. शाळेचं, मैत्रिणींचं काय काय सांगते आणि उठता उठता विचारते, "मी मध्ये पडले असते तर?"

"परत तेच काय!" असं ताई कधी म्हणाल्या नाहीत. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हातातलं काम बाजूला ठेवतात आणि सांगतात, "ते तुझं काम नव्हतं. तू धावलीस, बरोबर केलंस."

येत्या शनिवारपासून त्या खुर्चीत मी बसणार आहे. काल वकीलबाईनं माझी परीक्षा घेतली.

"तुम्हाला उत्तर येतं?"

"येतं गं."

"म्हणून दाखवा."

मी म्हटलं. पुटपुटतच.

"मोठ्यानं," ती म्हणाली.

ताई, तुमचे आभार मानायला शब्द शोधत बसले तर चहा खरंच निवेल. सभाजनहो, शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. आजच्या बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. शनिवारी त्या उत्तरात माझी चूक झाली, तर मात्र घालू नका.